कोऱ्या रकान्यातली रेघ

सकाळी चहाच्या आधी धाकट्याच्या टाचा ताणायच्या, हा त्या घराचा नियम होता. थोरली पलंगाच्या पायथ्याशी बसायची, त्याचा एक पाय मांडीवर घ्यायची, टाच तळहातात धरायची आणि पाऊल हळूहळू नडगीच्या दिशेनं ढकलायची. न ताणलेले पाय आखडतात आणि ताणलेले दुखतात, असा हा आजार. दुखताना माणसाचं लक्ष दुसरीकडे हवं, म्हणून ती दुसऱ्या हातातल्या फोनवरची बातमी मोठ्यानं वाचायची.

बातमी नेहमी एकाच जातीची असायची. दूरच्या कुठल्यातरी प्रयोगशाळेत स्नायू झिजवणारं जनुक दुरुस्त झालं, लुळे पाय हलू लागले, संशोधक आशावादी आहेत. संशोधक बारा महिने तेरा काळ आशावादी असतात, त्यांना पगारच त्याचा मिळतो. धाकटा दात आवळून सगळं ऐकून घ्यायचा आणि शेवटी एकच प्रश्न विचारायचा.

“उंदीर की माणूस?”

“उंदीर,” थोरली म्हणायची.

हा शब्द बातमीत दुसऱ्याच ओळीत असायचा. वाचताना ती तो गाळायची. पाय दुखत असेपर्यंत तरी त्याला ती बातमी माणसाची वाटावी, एवढाच तिचा हेतू. धाकट्यालाही तिची ही लबाडी ठाऊक होती, आणि ती चालू द्यायची हे दोघांत न बोलता ठरलेलं होतं. उंदरांची चैन आहे, असं तो म्हणायचा. त्यांचा मधुमेह गेला, आंधळ्यांना दिसायला लागलं, टकलांना केस आले. पुढच्या जन्मी आपल्याला प्रयोगशाळेतला उंदीर करा, एकही आजार शिल्लक राहणार नाही.

तो चौदा वर्षांचा होता आणि चार वर्षांपासून चाकांच्या खुर्चीत होता. त्याआधी चालायचा, पण पोट पुढे काढून, बदकासारखा. त्याच्याही आधी, थोरली शाळेत असताना, तो जिन्यात सारखा पडायला लागला आणि आईबाबा दोघांनाही घेऊन डॉक्टरांकडे गेले. तपासणीचा कागद आला तेव्हा डॉक्टरांनी समजावून सांगितलं. स्नायूंना धरून ठेवणारं एक प्रथिन शरीरात बनतं. ते कसं बनवायचं ही ओळ प्रत्येक पेशीत लिहिलेली असते. याच्या ओळीत एक अक्षर चुकलंय. चुकलं तेही असं, की वाक्याच्या मध्येच पूर्णविराम पडलाय. पुढचं कुणी वाचतच नाही.

“एकच अक्षर ना? मग खोडून बरोबर लिहा की,” थोरली म्हणाली होती.

डॉक्टर हसले आणि म्हणाले, मोठी झालीस की तूच लिही. काही मुलांना थट्टा कळत नाही. अशी मुलं एक तर शास्त्रज्ञ होतात नाही तर वाया जातात. थोरलीवर पुढे दोन्हीची वेळ येणार होती.

त्याच सुमारास घरातल्या सगळ्यांच्या तपासण्या झाल्या. चुकलेलं अक्षर आईकडून आलं होतं, आणि ते दोन्ही मुलांत उतरलं होतं. पण मुलींकडे या जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईची आणि एक बाबांची. थोरलीला बाबांच्या चांगल्या प्रतीनं तारलं. मुलाला ही प्रत फक्त आईकडून मिळते. बाबांकडे चांगलं अक्षर होतं आणि ते मुलाच्या वाट्याला येणारच नव्हतं. आई चष्म्याच्या दुकानात काम करायची, दिवसभर लोकांना अक्षरं वाचायला लावायची. त्या दिवसानंतर काही महिने तिनं कुणाच्या डोळ्यांना डोळा भिडवला नाही. दोष कुणाचाच नव्हता, हे सगळ्यांनी तिला सांगून पाहिलं. ज्याचं जळतं त्यालाच कळतं.

थोरली हट्टानं त्याच विषयाला गेली. पहिल्या वर्षी तिच्या वर्गाला जंतूंवर जनुक-संपादनाचा प्रयोग करायला दिला. जंतूंचे ठिपके एरवी निळे उमटतात, संपादन जमलं तर पांढरे. बशीभर निळ्या ठिपक्यांत तिला एक पांढरा ठिपका मिळाला आणि तिनं त्याचा फोटो काढून घरी आणला. धाकट्यानं फोटो बघितला. “जंतू की माणूस?” म्हणाला. पण त्या दिवसापासून तो तिला कातरवाली म्हणायला लागला. कारण सगळ्या बातम्यांत जनुकांच्या कात्रीचं चित्र असायचं. तिनं परोपरीनं सांगितलं की त्याला लागणारी गोष्ट कात्री नाही, खोडरबर आणि पेन्सिल आहे, अक्षर कापायचं नाही तर बदलायचंय. तो म्हणाला, खोडरबरवाली हे ऐकायला बरं वाटत नाही.

शेवटच्या वर्षाला तिला मॅडम भेटल्या. मॅडम प्रयोगशाळेच्या प्रमुख. बोलणं तुटक, चप्पल नेहमी एकच, आणि हातमोजे न घालता कशाला हात लावलेला दिसला की तिथल्या तिथे सगळं फेकायला लावणाऱ्या. थोरलीनं त्यांच्यापुढे प्रस्ताव ठेवला, भावाच्या त्वचेचा कणभर तुकडा घेऊन त्याच्या पेशी वाढवायच्या आणि त्यांतलं अक्षर दुरुस्त करून बघायचं. मॅडमनी आधी नाही म्हटलं. घरच्या माणसाच्या पेशींवर काम करणारा विद्यार्थी पेशी बघत नाही, माणूस बघतो, असं त्यांचं म्हणणं. थोरली हटली नाही. नैतिक समितीची परवानगी आली, बाबांची आणि धाकट्याची संमती झाली, आणि त्याच्या दंडावरून वाटाण्याएवढा तुकडा निघाला. तो वर म्हणालाच, “आता कळलं उंदराला कसं वाटतं ते.”

पेशी वाढल्या. सूक्ष्मदर्शकाखाली त्या लांबट, निमुळत्या दिसायच्या, शेजारीशेजारी एकाच दिशेला तोंड करून पडलेल्या. थोरली रोज त्यांचं गुलाबी पाणी बदलायची. सदतीस अंशांच्या कपाटात तिच्या भावाचा एक भाग उभा वाढत होता, आणि घरी भाऊ खुर्चीत एका बाजूला कलत चालला होता.

कलत होता तो पाठीचा कणा. हाडांच्या डॉक्टरांनी क्ष-किरणांचं चित्र लावून दाखवलं. कण्याला दोन्ही बाजूंनी धातूच्या सळ्या बसवून तो सरळ करायचा, नाही तर बरगड्या फुप्फुसावर बसत जातील. पण शस्त्रक्रियेला भूल लागते, आणि भुलीतून बाहेर आल्यावर आपला आपण श्वास घेण्याएवढी ताकद छातीत असावी लागते. श्वासाच्या चाचणीच्या कागदावर त्यांनी एक आडवी रेघ मारली. धाकटा आज या रेघेच्या जरासा वर होता. खाली गेला की मी हात लावणार नाही, असं ते स्पष्ट म्हणाले. तारीख ठरली.

धाकट्याला शस्त्रक्रिया नको होती, आणि त्याचं कारण दुखण्याची भीती नव्हतं. त्याचा हात तोंडापर्यंत पोचायचा नाही, म्हणून तो जेवताना कोपर टेबलावर टेकवायचा आणि तोंड खाली चमच्यापर्यंत न्यायचा. पाठीत सळ्या बसल्या की पाठ वाकणार नव्हती. म्हणजे आयुष्यभर कुणीतरी भरवायचं. आपल्या हातानं करता येण्यासारखं त्याच्याकडे एवढंच उरलं होतं, आणि तेच द्यायचं होतं. तरीही तो तयार झाला होता, कारण दुसरी वाटच नव्हती.

आणि नेमकी तेव्हाच थोरलीनं वाट दाखवली.

प्रयोग असा. धाकट्याच्या पेशींत खोडरबर-पेन्सिल सोडायची, काही दिवसांनी पेशी फोडून जनुकद्रव्य काढायचं, त्यातला नेमका तेवढाच तुकडा नळीत वाढवून त्याच्या असंख्य प्रती करायच्या आणि मग अक्षरं वाचायला पाठवायची. सोबत एक निरोगी नमुना लागतो, चांगलं अक्षर कसं दिसतं हे ताडून बघायला. विद्यार्थी सर्रास स्वतःच्या गालाच्या आतून कापूस फिरवून तो घेतात. थोरलीनंही आपलाच घेतला, बाबांची चांगली प्रत त्यात होतीच. आणि शेवटी एका नळीत नुसतं शुद्ध पाणी. पाण्यात काही नसतं, म्हणून पाण्यात काही उगवताही कामा नये. उगवलं तर समजायचं की कुठंतरी काहीतरी सांडलंय.

मॅडमचा नियम होता, निरोगी नमुना सगळ्यात शेवटी उघडायचा. चांगलं अक्षर फार मुबलक असतं, त्याचा अदृश्य तुषारही दुसऱ्या नळीत गेला तर नळीत वाढून वाढून डोंगर होतो. थोरलीनं हा नियम इतरांना शिकवलेला होता. पण त्या दिवशी मॅडम परगावी परिषदेला गेलेल्या, प्रयोगशाळेत सुट्टीची शांतता, आणि ती एकटी. तिनं नळ्या ओळीनं लावल्या त्या जन्माच्या क्रमानं. घरात कुठलाही फोटो काढताना, कुठल्याही रांगेत उभं राहताना, दवाखान्यात नावं सांगताना क्रम एकच असायचा, आधी थोरली, मग धाकटा. हाताला जे वळण लागलेलं असतं ते डोकं घाबरलं की वर येतं. तिनं आधी आपली नळी उघडली आणि मग त्याची.

आणखी एक गोष्ट तिनं केली नाही. संपादन न केलेल्या त्याच्या पेशींचा नमुना तिनं सोबत लावलाच नाही. त्याचं चुकलेलं अक्षर तिला शाळेपासून माहीत होतं, ते आणखी काय बघायचं.

वाचायला पाठवण्याआधी नळ्यांत काही वाढलंय का, हे जेलीच्या पातळ वडीवर बघतात. प्रत्येक नळीला एक रकाना, वाढलं असेल तिथे चमकती रेघ. तिच्या रकान्यात रेघ होती, धाकट्याच्या रकान्यात रेघ होती. पाण्याचा रकाना कोरा असायला हवा होता. त्यात एक फिकट रेघ होती. इतकी फिकट, की मान तिरकी केली तर दिसायची आणि सरळ केली तर दिसायची नाही. थोरलीनं मान सरळ केली.

अक्षरांचं वाचन आलं. धाकट्याच्या नमुन्यात दर दहा प्रतींतल्या तीन प्रतींत अक्षर बरोबर होतं. तीन! जगात कुठे एवढं सहज जमत नाही, हे तिला माहीत होतं आणि त्या क्षणी माहीत नव्हतं. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, म्हणतात ना, तसं झालं. मॅडम परत येईपर्यंत थांबणं तिला शक्यच नव्हतं. ती घरी पळत आली. आई इस्त्री करत होती. बाबा शिडीवर होते. ते लिफ्ट दुरुस्त करायचे, आणि मोडीत निघालेल्या लिफ्टच्या मोटरीतून धाकट्याच्या पलंगावर एक उचलयंत्र बसवत होते, छताला रूळ लावून, म्हणजे त्याला उचलताना आईची कंबर वाचली असती. थोरली दारातच उभी राहून धापा टाकत म्हणाली की अक्षर बदललं. धाकट्यानं नेहमीच्या सवयीनं विचारलं.

“उंदीर की माणूस?”

“तू,” ती म्हणाली.

धाकट्याची हनुवटी थरथरायला लागली आणि ती लपवण्यासाठी हात वर नेता येईना, म्हणून त्यानं मान भिंतीकडे वळवली. इतकी वर्षं त्यानं एकाही बातमीवर विश्वास ठेवला नव्हता. या बातमीत उंदीर नव्हता. आई इस्त्री उभी करायची विसरली आणि कपड्यावर तपकिरी डाग पडला, त्याचं कुणाला काही वाटलं नाही. बाबा शिडीवरून उतरले ते पुन्हा चढलेच नाहीत. छताला अर्धा रूळ तसाच राहिला. आता कशाला लागतंय ते, असं ते म्हणाले.

दोन दिवसांनी धाकट्यानं सळ्या बसवून घ्यायला नकार दिला. बरा होणारच असेन तर पाठ कशाला बांधून घेऊ, हा त्याचा मुद्दा. बशीतल्या पेशींतून जिवंत स्नायूंपर्यंतचा रस्ता किती लांब असतो, सगळ्या बातम्यांचं घोडं नेमकं तिथेच कसं पेंड खातं, हे त्या घरात फक्त थोरलीला ठाऊक होतं. तिनं तेव्हा बोलायला हवं होतं. सगळे तिच्याकडे बघत होते, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्या घरात कुणीतरी आनंदानं बघत होतं. ती एवढंच म्हणाली की थोडं थांबायला हरकत नाही. बाबांनी रुग्णालयात फोन करून तारीख सोडली.

मॅडम परत आल्या. त्यांनी वाचन पुढ्यात घेतलं आणि पहिला प्रश्न केला, संपादन न केलेला नमुना कुठे आहे? थोरली म्हणाली, लावला नाही, त्याचं अक्षर मला पाठ आहे. मॅडम पडदा वरखाली करत राहिल्या. मग त्यांनी एका ठिकाणी बोट ठेवलं. चांगल्या अक्षरापासून थोडं पुढे आणखी एक अक्षर वेगळं होतं. निरुपद्रवी फरक, माणसामाणसांत असतात तसा. पण जिथे जिथे चांगलं अक्षर होतं तिथे तिथे हाही फरक होता, आणि जिथे चुकलेलं होतं तिथे तो नव्हता.

“तुझ्या पेन्सिलीनं हे अक्षर बदललेलं नाही. तिची पोच तिथवर नाहीच,” मॅडम म्हणाल्या. “मग हे आलं कुठून? हे कुणाचं आहे?”

थोरलीनं स्वतःच्या नमुन्याचं वाचन उघडलं. तिथे ते होतं. आईकडून आलेल्या प्रतीत नव्हतं, दुसऱ्या प्रतीत होतं, चांगल्या अक्षराच्या शेजारी. ते बाबांचं होतं. धाकट्याच्या अंगात ते असणं कुठल्याही मार्गानं शक्य नव्हतं. त्याच्या पेशींत काहीही दुरुस्त झालं नव्हतं. त्याच्या नळीत ती स्वतः सांडली होती.

मॅडम रागावल्या नाहीत, तेच वाईट झालं. त्यांनी जेलीचा फोटो मागितला, पाण्याच्या रकान्याकडे बघितलं, मान तिरकी केली आणि फोटो परत दिला. घरी काही बोललीस का, असं त्यांनी विचारलं. थोरली नाही म्हणाली. मग लगेच काहीच बोलू नकोस, नीट करून बघ, असं म्हणून त्या निघून गेल्या.

आता कुणीही शहाणं माणूस त्याच संध्याकाळी घरी जाऊन खरं सांगून मोकळं झालं असतं. सोडलेली तारीख पुन्हा मिळवता आली असती. थोरली शहाणी होती, पण बुडत होती. तिला वाटलं, खोटं सांगितलंय खरं, पण ते खरं करून दाखवता येईल. थोडे दिवस मिळाले तर त्याचं अक्षर ती खरोखर बदलेल, आणि मग सांगितलेलं खोटं ठरणारच नाही. नुसती तारीख मागेपुढे होईल. काडीच्या आधारानं बुडता माणूस तरत नाही, काडी मात्र हातात घट्ट राहते.

तिनं प्रयोग पुन्हा केला, या वेळी सगळे नियम पाळून. पाण्याचा रकाना कोरा आला. धाकट्याच्या वाचनातही चांगल्या अक्षराची पाटी कोरीच राहिली. तिनं प्रमाण बदललं, पेशींत शिरण्याचा मार्ग बदलला, पेन्सिलीची दुसरी जात मागवली. एकदा नगण्य काहीतरी दिसलं, शंभरात एखादं, आणि पुढच्या खेपेला तेही गेलं. त्वचेच्या पेशी ठरावीक वेळाच वाढतात, मग थकतात. त्याच्या पेशी थकायला लागल्या. त्या पसरट झाल्या, एका दिशेला तोंड करून पडायच्या त्या कशाही पडायला लागल्या. सूक्ष्मदर्शकातून डोळा काढल्यावर तिला घरी जायची भीती वाटायची.

घरी रोज सकाळी टाचा ताणणं चालूच होतं. आता ती बातम्या वाचायची नाही, कारण आता धाकटाच विचारायचा, कुठवर आलं? चालू आहे, ती म्हणायची. तो मग योजना सांगायचा. आधी काय करणार, तर स्वतःच्या हातानं डोकं खाजवणार. मग आईला खुर्चीत बसवून ढकलणार. तो एका बाजूला इतका कलायला लागला होता की खुर्चीत त्याच्या डाव्या कुशीला दुमडलेली उशी लावावी लागे. एका उशीच्या दोन झाल्या. आई चष्म्याच्या दुकानात गिऱ्हाइकांना सांगायची की माझ्या मुलीनं माझ्या मुलाचं अक्षर दुरुस्त केलंय. सांगताना आता ती लोकांच्या डोळ्यांत बघायची. थोरलीला हे कळलं तेव्हा तिला वाटलं की जमीन दुभंगून आपल्याला पोटात घेईल तर बरं.

मग धाकट्याला साधी सर्दी झाली. साध्या माणसाची सर्दी नाकातून जाते, त्याची छातीत उतरली. खोकायला जोर लागतो आणि तो जोर त्याच्यात नव्हता. आई त्याच्या बरगड्यांवर दोन्ही हात ठेवून तो खोकेल तेव्हा दाबायची. तीन आठवड्यांनी तो सावरला, पण बोलताना वाक्याच्या मध्ये थांबायला लागला. थोरलीनं त्या थांबण्याकडे कान दिला, आणि तिची सगळी हिंमत आणि सगळी भीती एकदमच संपली.

तिनं सकाळीच सांगितलं, टाच हातात असतानाच. आईबाबांनाही बोलावून घेतलं, कारण ही गोष्ट तीनदा सांगण्याचं बळ तिच्यात नव्हतं. नळ्यांचा क्रम, पाण्याच्या रकान्यातली रेघ, मॅडमनी दाखवलेलं अक्षर, सगळं. आणि हेही, की तिला हे महिनोन्‌महिने माहीत होतं. तिला रडू आलं नाही. रडणं तिला तेव्हा फुकटची सुटका वाटली असती.

आई भिंतीला टेकून हळूहळू खाली बसली. बाबा पलंगाच्या कडेवर बसले.

“म्हणजे त्याच्या नळीत सापडलं ते माझं होतं?” त्यांनी विचारलं.

“हो, बाबा.”

“माझंच होतं, तर मग त्याला का नाही मिळालं?”

याचं उत्तर त्यांना नऊ वर्षांपासून माहीत होतं. तरी त्यांनी ते खरंच विचारलं, लिफ्ट मधल्या मजल्यावर का अडकली हे विचारावं तसं, जणू कुणीतरी नीट बघितलं तर कारण सापडेल. बाबा उठले, आतून शिडी घेऊन आले, पलंगाशेजारी लावली आणि छतातल्या अर्ध्या राहिलेल्या रुळाच्या पुढे भोक पाडायला लागले. खालच्या सगळ्यांच्या अंगावर चुना पडत होता. कुणी हललं नाही.

धाकटा म्हणाला, “टाच सोड. दुखतंय.” तिनं सोडली. “आणि यापुढे मला बातम्या नकोत.”

पुन्हा तारीख मागितली तेव्हा डॉक्टरांनी आधी श्वासाची चाचणी करून आणायला सांगितलं. चाचणीची खोली लहान होती. एक यंत्र, एक पडदा, आणि तोंडात धरायची पुठ्ठ्याची नळी. चाचणी घेणाऱ्या बाई आवाजानं मोठ्या आणि मनानं चांगल्या होत्या. त्यांनी पडद्यावर डॉक्टरांची आडवी रेघ लावून घेतली. तीन संधी मिळतात, त्यांतली सगळ्यात चांगली धरायची, असं त्यांनी सांगितलं. धाकट्यानं श्वास भरून घेतला आणि फुंकलं. फुंका, फुंका, फुंका, अजून, अजून, असं बाई ओरडत होत्या. पडद्यावरची वक्ररेषा वर चढली, आणि आडव्या रेघेच्या बरीच खाली वळून सपाट झाली.

दुसऱ्यांदा ती आणखी खाली वळली. धाकटा घामानं भिजला होता. आईनं त्याचं कपाळ पुसलं. बाबा त्याच्या खुर्चीच्या दोन्ही मुठी धरून मागे उभे होते. धाकट्यानं तोंडानंच खूण केली, नळी द्या.

तिसऱ्यांदा त्यानं डोळे मिटून फुंकलं. बाई ओरडत होत्या आणि थोरली त्याच्या खांद्याशी वाकली होती, गाल फुगवून, पोट आत ओढून, जिवाच्या आकांतानं हवेत फुंकत होती, छातीत काही उरेपर्यंत आणि काही न उरल्यानंतरही. बाईंनी तिच्या दंडाला धरलं आणि जरा मागे व्हा म्हणून सांगितलं, आजूबाजूला कुणी फुंकलं की मुलं बिचकतात, आणि तुमचं काही यात जात नाही. थोरली मागे झाली. तिचं काही त्यात गेलं नाही. वक्ररेषा रेघेपर्यंत आली नाही.

डॉक्टरांनी कागद बघितला आणि ठरलं होतं तेच सांगितलं. मी हात लावला तर तो टेबलावरून यंत्राशिवाय परत येणार नाही. सर्दी झाली नसती तर, आधी आला असता तर, असं ते काही म्हणाले नाहीत. त्यांनी उशा कशा लावायच्या ते दाखवलं, झोपताना वापरायच्या श्वासाच्या यंत्राबद्दल सांगितलं आणि आईला बसायला खुर्ची दिली.

लिफ्टनं सगळे खाली आले. बाबा नेहमी कुठल्याही लिफ्टमध्ये शिरले की कान लावून दोराचा आवाज ऐकायचे, आज त्यांनी ऐकला नाही. आई गाडी बघायला पुढे गेली. रुग्णालयाच्या दाराशी खुर्ची उभी करून बाबा तिच्या चाकांचा अडसर लावत बसले, नको तितका वेळ. थोरली बाजूला उभी होती. धाकटा दोन्ही उशांमध्ये अवघडून बसला होता आणि त्याचे पाय सकाळपासून तसेच होते. गडबडीत आज कुणी ताणले नव्हते.

“ताई,” तो म्हणाला, मग श्वास घेतला. “टाचा राहिल्या आज.”

ती तिथेच फरशीवर बसली. त्याचा बूट काढला, टाच तळहातात घेतली आणि पाऊल हळूहळू वर ढकलायला लागली. त्याचा चेहरा कळवळला. त्यानं तिच्या खिशातल्या फोनकडे डोळ्यांनी खूण केली.

“वाच काहीतरी.”

तिला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. पण तो वाट बघत होता. तिनं एका हातानं फोन काढला आणि आजची बातमी शोधली. ती होतीच, ती रोज असते. स्नायू झिजवणारं जनुक दुरुस्त, नवं तंत्र, संशोधक आशावादी. त्यानं काही विचारलं नाही.

“उंदरांमध्ये,” तिनं वाचायला सुरुवात केली.